जुने सुपरहिरो, नवा संच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमे बघून कॉमिक्सकडे वळलेली मंडळी माझ्या आजूबाजूला बरीच झालीत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, की बॅटमॅनचा अंक १ नक्की कोणता, कारण दुकानात चार वेगवेगळे अंक १ दिसतात. भाचा विचारतो, ऑफिसातले दोघं विचारतात, मागच्या दिवाळीत चकली खाता खाता भाच्याच्या मित्रानेही विचारलं. म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू. मी इथे मुख्यतः डीसी आणि मार्व्हल या दोन अमेरिकन कंपन्यांबद्दल बोलणारे. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, त्यातलं मला फारसं कळत नाही, ते जाणकारांना विचारा. आणि हो, स्पॉयलर आहेत, पण बरेचसे वीस ते साठ वर्षं जुने आहेत, आता काय लपवायचं.

रिव्हायव्हल, रीबूट, रीलाँच, रेटकॉन हे सगळं एकच ना?

नाही, पण गोंधळ तुमचा नाहीये, प्रकाशकच हे शब्द हवे तसे फेकत असतात. आपल्याकडच्या नाटकांवरून समजून घ्या. मधे बंद पडलेलं नाटक दहा वर्षांनी कोणीतरी पुन्हा उभं करतं, ते रिव्हायव्हल. चालू असलेलंच नाटक नवा संच घेऊन येतं आणि जाहिरातीत परत "शुभारंभाचा प्रयोग" असं छापतात, ते रीलाँच. नाव तेच ठेवून संहिताच पहिल्या पानापासून नव्याने लिहिली की रीबूट. आणि पहिल्या अंकात वारलेले काका खरंतर वारलेच नव्हते, तुम्हाला तसं वाटलं होतं, असं तिसऱ्या अंकात सांगितलं की तो रेटकॉन.

प्रत्यक्षात हे चारही एकाच अंकात होऊ शकतं. होतंच बऱ्याचदा.

हे सगळं सुरू कधी झालं?

१९५६ साली. त्याआधीचं थोडक्यात: १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, मग झुंबड उडाली, पुढच्या काही वर्षांत डझनावारी मुखवटेवाले निघाले. महायुद्ध संपल्यावर लोकांना कंटाळा आला आणि सुपरहिरोंची बरीचशी मासिकं एकेक करून बंद पडली. वाचक गुन्हेगारी, भुतंखेतं, प्रेमकथा या कॉमिक्सकडे गेले. मग १९५४ मध्ये त्यांच्यावर गदा आली, मुलं बिघडतायत म्हणून बोंबाबोंब झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला. आता भुतं बंद, खून बंद, मग छापायचं काय? त्यामुळे सोज्वळ सुपरहिरो परत सोयीचे झाले.

डीसीचा संपादक ज्युलियस श्वार्ट्झ याने फ्लॅश परत आणला, पण जसाच्या तसा नाही. जुना फ्लॅश म्हणजे जे गॅरिक, डोक्यावर पंखवालं टोप. त्याचं फक्त नाव आणि वेग ठेवला, बाकी सगळं नवीन, नवा माणूस बॅरी अ‍ॅलन, पोलीस खात्यातला शास्त्रज्ञ, कार्माईन इन्फँटिनोने आखलेला तो लाल चुस्त पोशाख. 'शोकेस' नावाच्या मासिकाचा चौथा अंक होता तो, आणि 'शोकेस' हे मुळात प्रयोग करून बघायचं मासिक, चाललं तर चाललं. गंमत म्हणजे त्या गोष्टीत बॅरी स्वतः जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचत बसलेला असतो. म्हणजे पहिल्याच रिव्हायव्हलमध्ये नायक आमच्यासारखाच जुने अंक जपून ठेवणारा.

ते चाललं. १९५९ मध्ये ग्रीन लँटर्न तसाच नव्याने आला, १९६० मध्ये जस्टिस लीग. त्याच्या पाठोपाठ मार्व्हलने फँटॅस्टिक फोर आणि स्पायडरमॅन काढले. आज आपण जे काही बघतो त्याची सुरुवात त्या एका "बघू चालतंय का" वाल्या अंकातून झालीय.

मल्टिव्हर्सची भानगड कुठून आली?

तीही फ्लॅशमुळेच. १९६१ साली १२३ व्या अंकात बॅरी चुकून दुसऱ्या पृथ्वीवर जातो आणि तिथे त्याला म्हातारा होत चाललेला जे गॅरिक भेटतो. म्हणजे जुना फ्लॅशही खरा आणि नवाही खरा, दोघं वेगवेगळ्या पृथ्व्यांवर. कल्पना झकास होती, पण मग दर थोड्या दिवसांनी नवी पृथ्वी निघायला लागली, एका पृथ्वीवर खलनायकच नायक, दुसऱ्या पृथ्वीवर नाझी जिंकलेत, आणि पंचवीस वर्षांत इतका पसारा झाला की डीसीने १९८५-८६ मध्ये बारा अंकांची मालिका काढून सगळ्या पृथ्व्या एकत्र केल्या. मार्व्ह वुल्फमनचं लेखन आणि जॉर्ज पेरेझची चित्रं, एकेका पानावर इतकी माणसं की भिंग घेऊन बसावं. त्यात आठव्या अंकात बॅरी अ‍ॅलन मरतो.

आणि तेव्हा तो खरंच मेला बरं का, चांगला तेवीस वर्षं, कॉमिक्सच्या हिशोबाने हे म्हणजे खूपच झालं.

मेलेली पात्रं परत का येतात? मग रडायचं कशाला?

रडा हो, त्यात काय. नाटकातही माहीत असतं की पडदा पडल्यावर नट उठून घरी जाणारे.

पूर्वी वाचकांमध्ये एक म्हण होती, की कॉमिक्समध्ये कोणीच कायमचं मरत नाही, फक्त बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचा काका अंकल बेन सोडून. बकी म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा महायुद्धातला पोरगेलासा जोडीदार. जेसन टॉड हा दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरगेलासा जोडीदार, त्याला १९८८ साली वाचकांनीच मारलं, शब्दशः, डीसीने फोन नंबर दिले आणि म्हणाले सांगा जगवू की मारू. मारा म्हणणारे ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी गेलं बिचारं. आणि फोन करायला पैसे पडायचे हे लक्षात घ्या.

मग २००५ आलं आणि एकाच वर्षात बकी पण परत आला आणि जेसन पण. म्हणीत अंकल बेन एकटा उरला. पण बकीचं परत येणं हा माझ्या मते आजवरच्या सर्वांत चांगल्या रिव्हायव्हलांपैकी एक आहे, त्याबद्दल खाली बोलतो.

दर दोन वर्षांनी अंक १ का काढतात?

कारण अंक १ विकला जातो, दुसरं काय.

आता यामागची व्यवस्था बघा. अमेरिकेत ही मासिकं मुख्यतः कॉमिक्सच्या खास दुकानांत विकली जातात आणि दुकानदार जो माल मागवतो तो सहसा परत घेतला जात नाही. न खपलेला अंक त्याच्या बोकांडी. त्यामुळे तो ४७ वा अंक बेतानेच मागवतो आणि अंक १ जरा जास्त मागवतो, कारण नवीन गिऱ्हाईक त्यालाच हात लावतं. शिवाय एकाच अंकाची पाच-सहा वेगवेगळी मुखपृष्ठं काढायची, म्हणजे एकच माणूस तीन तीन प्रती घेतो. १९९१ साली 'एक्स-मेन'चा नवा अंक १ आला, पाच मुखपृष्ठांसह, आणि ८० लाखांवर प्रती गेल्या. लोकांनी त्या म्हातारपणाची सोय म्हणून कपाटात ठेवल्या. आज तो अंक जवळपास कुठेही किरकोळ भावात मिळतो, कारण प्रत्येकाच्याच कपाटात आहे.

डीसीने २०११ मध्ये 'न्यू ५२' नावाखाली एकदम ५२ मासिकं अंक १ पासून सुरू केली. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' तेव्हा ९०४ व्या अंकावर होतं, १९३८ पासूनची अखंड मोजणी, ती मोडून पुन्हा एक. मग पाच वर्षांनी अक्कल आली, मधले अंक जमेस धरून २०१६ मध्ये गाडी परत ९५७ वर आणली, कारण समोर १००० दिसायला लागला होता! २०१८ च्या एप्रिलमध्ये हजारावा अंक आला आणि तोही धो धो खपला. म्हणजे एकही खपतो आणि हजारही खपतो, अडचण सगळी मधल्या आकड्यांची.

मी स्वतः यात फसलोय. पहिल्यांदा एक अंक १ घेतला, म्हटलं चला सुरुवातीपासून वाचू, उघडला तर नायक आधीच कोमात, त्याची बायको कोणावर तरी सूड उगवतेय आणि पानापानाखाली तळटीप की अमुक अंक पाहा. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला हा मालिकेचा पहिला अंक आहे, गोष्टीचा नाही. असं कुठे असतं?

मग चांगलं रिव्हायव्हल ओळखायचं कसं?

हा खरा प्रश्न. बाकी सगळं याच्यासाठी.

माझं मत असं झालंय की गाजावाजा करून आणलेलं रिव्हायव्हल बहुतेकदा फुसकं निघतं आणि ज्या मासिकाकडे कोणाचं लक्षच नव्हतं तिथून खरी गोष्ट बाहेर येते. 'एक्स-मेन' घ्या. १९७० पासून पाच वर्षं त्या मासिकात नवीन काही छापतच नव्हते, जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी जाड विशेषांक काढून त्यात स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस अशी देशोदेशीची नवी मंडळी घातली आणि पुढचं काम ख्रिस क्लेअरमाँट या तरुण लेखकाकडे गेलं. तो सोळा वर्षं लिहीत राहिला. 'डेअरडेव्हिल'ही असंच दोन महिन्यांतून एकदा निघणारं रखडलेलं मासिक, १९८१ मध्ये चित्रकार फ्रँक मिलरच्या हातात लेखनही दिलं, आणि आज डेअरडेव्हिल म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्याचं आहे.

पण माझं सर्वांत आवडतं उदाहरण 'स्वॅम्प थिंग'. दलदलीत राहणारा राक्षस, जो आधी अ‍ॅलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ होता आणि आता परत माणूस व्हायला धडपडतोय. खप इतका खाली की बंदच होणार होतं. १९८३ च्या शेवटाला अ‍ॅलन मूर नावाच्या इंग्लंडमधल्या लेखकाला दिलं आणि त्याने आपल्या दुसऱ्याच अंकात सांगितलं की हा अ‍ॅलेक हॉलंड नाहीच. अ‍ॅलेक त्या स्फोटात मेला. दलदलीतल्या झाडपाल्याने त्याच्या आठवणी शोषून घेतल्या आणि ते झाड स्वतःला माणूस समजायला लागलं. परत माणूस होणार कसा, तो कधी माणूस नव्हताच.

आता बघा यात गंमत काय आहे. आधीच्या एकाही गोष्टीला त्याने खोटं ठरवलं नाही. सगळं जसं घडलं तसंच घडलं, फक्त त्याचा अर्थ पार उलटा झाला. जुने अंक काढून परत वाचले तर ते आता जास्त करुण वाटतात.

बकीचंही तसंच. एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी २००५ मध्ये सांगितलं की तो मेला नव्हता, रशियनांना सापडला, त्यांनी त्याची स्मृती पुसून त्याला मारेकरी बनवलं, काम असलं की बाहेर काढायचं आणि झालं की परत गोठवून ठेवायचं. म्हणजे कॅप्टन बर्फात झोपला होता त्या सगळ्या वर्षांत त्याचा मित्रही गोठून पडत होता, फक्त मधे मधे उठवून त्याच्याकडून खून करवून घेत होते. या एका कल्पनेने १९६४ मध्ये कॅप्टन बर्फातून बाहेर येतो तो प्रसंगच वेगळा दिसायला लागतो.

तर माझी कसोटी ही. नवीन गोष्ट वाचल्यावर जुनी परत वाचावीशी वाटली तर जमलं. जुनी विसरा म्हणून सांगत असतील तर मी जरा सावध होतो. अल ईविंगने २०१८ ते २०२१ मध्ये पन्नास अंक 'इमॉर्टल हल्क' लिहिला, त्यातही हेच केलंय, हल्क इतक्या वेळा मेला आणि परत आला ते लेखकांचा आळस नव्हता, त्यामागे एक भयानक कारण आहे असं दाखवलं. रात्री वाचू नका.

फसलेले कोणते?

यादी मोठी आहे, आवडते सांगतो.

पहिला मान कॅप्टन अमेरिकाला. १९५३-५४ मध्ये त्याला कम्युनिस्टांना बडवायला परत आणलं आणि त्याचं मासिक तीन अंकांत गुंडाळलं. मग १९६४ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात त्याला बर्फातून बाहेर काढला आणि म्हणाले हा १९४५ पासून इथेच आहे. मग १९५४ मध्ये कोण बडवत होतं? सरळ दुर्लक्ष केलं. अखेर १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने सांगितलं की तो कॅप्टनचा वेडा भक्त होता, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतलेला आणि औषधाने डोकं फिरलेला. फसलेल्या रिव्हायव्हललाच खलनायक करून टाकला. याला म्हणतात कोंड्याचा मांडा करणं.

१९९६ मध्ये मार्व्हलने अ‍ॅव्हेंजर्स, आयर्न मॅन, फँटॅस्टिक फोर आणि कॅप्टन अमेरिका ही चार मासिकं जिम ली आणि रॉब लीफेल्ड यांच्या स्टुडिओंना वर्षभर चालवायला दिली. खप वाढला, पण वर्षभराने सगळं होतं तिथे परत. मधे १९९६ च्याच डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, ही वेगळी गोष्ट.

न्यू ५२ पूर्ण फसलं असं मी म्हणणार नाही, स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांचा बॅटमॅन त्यातलाच आहे आणि तो उत्तम आहे. पण बॅटमॅनचा इतिहास थोडाफार ठेवायचा आणि नायक तरुणही ठेवायचे या हट्टात पाच वर्षांत चार रॉबिन झाले. पाच वर्षांत चार! इतक्या वेगाने तर आमच्या सोसायटीचे वॉचमन बदलत नाहीत.

आणि स्पायडरमॅनचं लग्न. पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ साली झालं. २००७ मध्ये संपादकांना वाटलं की लग्न झालेला नायक म्हातारा दिसतो, म्हणून पीटरच्या काकूचा, आंट मेचा जीव वाचवण्यासाठी सैतानाशी सौदा करून ते लग्न पुसून टाकलं. घटस्फोट नाही, तो म्हणे वाईट दिसला असता, सैतानाशी सौदा चालतो. यावर मी आजही तास तास बोलू शकतो, घरचे थांबवतात.

कॅप्टन मार्व्हल नक्की किती आहेत? शाझाम कोण? मिरॅकलमॅन कोण?

पाणी आणा, सांगतो.

१९४० मध्ये फॉसेट कंपनीने कॅप्टन मार्व्हल काढला. बिली बॅटसन नावाचा मुलगा "शाझाम" म्हणतो आणि वीज कडाडून तगडा हिरो होतो. एका काळी हा सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होता. डीसीच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा ठोकला, तो बारा वर्षं चालला, आणि १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड करून कॉमिक्सचं दुकान बंद केलं. इकडे इंग्लंडमध्ये त्याची पुनर्मुद्रणं छापणाऱ्याचा धंदाच बसला. त्याने मिक अँग्लो या माणसाकडून १९५४ मध्ये हुबेहूब तसाच मार्व्हलमॅन करून घेतला, मंत्र "किमोटा", इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की जवळजवळ अ‍ॅटॉमिक.

नाव मोकळं पडलेलं बघून मार्व्हल कंपनीने १९६७ मध्ये स्वतःचाच कॅप्टन मार्व्हल काढला आणि ट्रेडमार्क घेतला. १९७३ मध्ये डीसीने मूळ पात्र भाड्याने घेऊन परत आणलं तेव्हा मासिकावर ते नाव टाकताच येईना, म्हणून 'शाझाम'. म्हणजे ज्यांनी खटला घालून बंद पाडलं त्यांनीच रिव्हायव्हल केलं आणि ज्याला बंद पाडला त्याचं नावही तोवर हातचं गेलं होतं.

तिकडे मार्व्हलमॅनला १९८२ मध्ये परत त्याच अ‍ॅलन मूरने हात लावला. अधेड वयाचा, डोकेदुखीने त्रासलेला पत्रकार, त्याला तो शब्द आठवतच नाही, अशी सुरुवात. पुढे अमेरिकेत छापताना नावावरून कटकट नको म्हणून मिरॅकलमॅन झाला, मग प्रकाशक बुडाला, मग हक्क कोणाचे यावर वर्षानुवर्षं रस्सीखेच, आणि अखेर २००९ मध्ये मिक अँग्लोकडून हक्क घेतले कोणी, तर मार्व्हलने. २०१४ पासून पुन्हा छापायला लागले तेव्हा मूरने आपलं नाव लावू दिलं नाही, श्रेय "मूळ लेखक" एवढंच.

ज्यांनी ही पात्रं घडवली त्यांना यातून काही मिळतं का?

फार उशिरा आणि फार थोडं. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. १९७५ मध्ये, सुपरमॅनचा मोठा सिनेमा येऊ घातला होता आणि हे दोघं हलाखीत आहेत हे वर्तमानपत्रांत आल्यावर, दोघांना वर्षाला २०,००० डॉलर आणि अंकावर नाव मिळालं. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं, तो १९७४ मध्येच वारला होता. जॅक कर्बीच्या मुलांचा मार्व्हलशी समझोता २०१४ मध्ये झाला.

नवीन अंक घेताना पहिल्या पानावरचं बारीक अक्षरातलं श्रेय वाचत जा. तेवढं तरी.

हे हिरो सगळ्यांच्या मालकीचे कधी होणार?

अमेरिकेतल्या कायद्याने त्या काळच्या अशा प्रकाशनांना ९५ वर्षं. म्हणजे १९३८ चा सुपरमॅन २०३४ च्या १ जानेवारीला मोकळा, बॅटमॅन त्याच्या पुढच्या वर्षी. पण फक्त त्या पहिल्या अंकांतला. तो सुपरमॅन उडत नव्हता, उंच उड्या मारायचा. आणि ट्रेडमार्क वेगळाच, तो वापरात आहे तोवर संपत नाही. काही विस्मृतीत गेलेले हिरो मात्र आत्ताच मोकळे आहेत, २००८ मध्ये जिम क्रूगर आणि अ‍ॅलेक्स रॉस यांनी अशांची मोट बांधून 'प्रोजेक्ट सुपरपॉवर्स' काढलं. त्यात डेअरडेव्हिल नावाचा एक १९४० सालचा हिरो आहे, मार्व्हलवाल्याच्या कितीतरी आधीचा, पण मुखपृष्ठावर त्याला त्या नावाने मिरवता येत नाही.

अल्टिमेट आणि अ‍ॅब्सोल्यूट काय आहे? सगळे त्याबद्दलच बोलतायत.

मूळ गोष्ट चालू ठेवून बाजूला दुसरं दुकान काढायचं, असा हा प्रकार. मार्व्हलने २००० साली ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ली यांना घेऊन 'अल्टिमेट स्पायडरमॅन' काढला. १९६२ मध्ये अकरा पानांत उरकलेली जन्मकथा त्यांनी महिनोन्‌महिने सावकाश सांगितली. दोघांनी मिळून सलग १११ अंक केले. त्याच विश्वात २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आला. ते विश्व २०१५ मध्ये गुंडाळलं.

२०२४ च्या जानेवारीत जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांनी नव्याने सुरू केलं, आणि यातला पीटर पस्तिशीतला, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. त्याला कोळी चावलाच नव्हता, आता संसार मांडून बसल्यावर शक्ती मिळते. २००७ मध्ये सैतानाला विकलेलं लग्न परत दिलं आणि लोकांनी अंक उचलून नेले. संपादकहो, वाचताय ना?

डीसीचं उत्तर ऑक्टोबर २०२४ मध्ये, अ‍ॅब्सोल्यूट. पहिला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन', परत स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यात ब्रूस वेनकडे वाडा नाही, बटलर नाही, इस्टेट नाही, कामगार वस्तीतला दांडगा इंजिनिअर आहे आणि त्याची आई जिवंत आहे. मला शंका होती, कारण पैसा काढला तर बॅटमॅनमध्ये उरतं काय. उरतो तो हट्ट, आणि तो पुरतो. वंडर वुमन नरकात वाढलेली आहे आणि तरी सगळ्यांशी प्रेमाने वागते, ती मालिका मला यात सगळ्यांत जास्त आवडली.

मागचं सगळं वाचायला लागतं का?

अजिबात नाही. वीस वर्षं चाललेल्या मालिकेचा अधला मधला भाग बघून आपल्या आज्यांना कधी अडलं नाही, कोण कोणाची सून ते दहा मिनिटांत कळायचं.

संपणाऱ्या गोष्टी घ्या. मिलर आणि मॅझुकेली यांचा १९८७ चा बॅटमॅन 'इयर वन', चार अंकांत खेळ खलास. 'ऑल-स्टार सुपरमॅन', बारा अंक, मॉरिसन आणि क्वाइटली, यात जन्मकथा एका पानात चार चौकटींत आणि आठ इंग्रजी शब्दांत संपते, मग पुढे पळतात. 'मिस्टर मिरॅकल' बारा अंक. आपल्याकडे सुनील बर्वेने हर्बेरियमच्या नावाने जुनी नाटकं मोजून २५ प्रयोगांसाठी केली होती, तसं. किती चालणार हे आधीच ठरलेलं असलं की लेखक पाणी घालत नाही.

यात आपला काही संबंध?

आहे की. सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी, १९३६ मध्ये ली फॉकने फँटम काढला, आणि १९६४ ते १९९० इंद्रजाल कॉमिक्समधून तो इथे घराघरांत गेला. मराठीत तो वेताळ. ज्यांच्याकडे मराठी इंद्रजालचे अंक अजून आहेत ते ते सहसा दाखवतही नाहीत. वेताळाला रीलाँचची कधी गरजच पडली नाही, कारण ती सोय गोष्टीतच आहे, बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आपण वाचतो तो एकविसावा आणि जगाला वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे. डीसीवाल्यांनी हे आधी वाचलं असतं तर पृथ्व्या कमी लागल्या असत्या.

दुसरा पवित्र प्रभाकर, २००४ मध्ये आलेला मुंबईचा स्पायडरमॅन, धोतरासारखा पोशाख, शक्ती देणारा योगी, अंकल भीम आणि आंटी माया. चार अंकांची मालिका होती. तेव्हा मला ती जरा पर्यटन खात्याची जाहिरात वाटली होती, खरं सांगतो. पण २०१४ च्या 'स्पायडर-व्हर्स'मध्ये त्याला परत काढला, २०२३ च्या अ‍ॅनिमेशनपटात तर तो भाव खाऊन गेला, आणि तिथे त्याचा योगीबिगी गाळून नुसता केसांवर खूश असलेला टवाळ पोरगा ठेवलाय. हेही रिव्हायव्हलच, आणि मुळापेक्षा सरस.

जुने अंक जसेच्या तसे वाचायला मिळतात का?

मिळतात. फॅक्सिमिली आवृत्ती म्हणून जुन्या जाहिरातींसकट छापतात, जाहिरातीच जास्त मजेशीर असतात. बरेच अंक एकत्र बांधलेला जाड ऑम्निबस घेत असाल तर आडवं पडून वाचू नका, छातीवर पडतो.

तुझ्याकडचे अंक वाचायला देतोस का?

नाही. 'स्वॅम्प थिंग' दिला होता एकदा, आठ महिन्यांनी आला, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल घेऊन. माझ्या घरी या, इथे बसून वाचा, चहा मी देतो, पण तो दुसऱ्या टेबलावर.